दुरून अन्याय साजरे

2 जून 2020 च्या मंगळवारी जगभरच्या इन्स्टाग्रामवर निषेधाचे काळे चौकोन उगवले. पुण्याच्या कोथरूडमध्येही उगवले. आठवडाभरापूर्वी, 25 मे रोजी, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला होता. माणूस गेला. भर रस्त्यात उभं राहून त्याचं चित्रण केलं ते सतरा वर्षांच्या एका मुलीनं.

तिच्या हातात फोन होता. आमच्या कोथरूडच्या विद्यार्थ्याच्या हातातही फोनच होता. तिनं तो पोलिसांसमोर धरला. यानं पंख्याखाली.

बरं, धरला तर धरला. दुःख खरं होतं, त्याबद्दल शंका नाही. त्या रात्री तो जेवलाही कमी. आईनं विचारलं, बाहेरचं काही खाल्लंस का?

त्याच जूनमध्ये, चौकोनाला आठवडाही झाला नव्हता, तोवर पिंपरी-चिंचवडमध्ये वीस वर्षांच्या एका दलित तरुणाचा मारहाणीत जीव गेला. कारण म्हणे प्रेमप्रकरण. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं, अटका झाल्या. कोथरूडहून दुचाकीनं पाऊण तासाचं अंतर. त्या दिवशी टाकायचा चौकोन कुठल्या रंगाचा, हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं.

मिनिआपोलिस लांब पडतं. म्हणूनच ते परवडतं.

आता 'बघा ही आजची पिढी' म्हणत मान हलवू लागलेल्या काका-मामांनी जरा दम धरावा. तुमचाही नंबर आहे. रांगेत राहा.

त्याच महिन्यात आणखी एक क्रांती झाली. 1975 पासून घरोघरच्या आरशासमोर असलेल्या फेअर अँड लव्हलीनं 'फेअर' सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि जुलैत 'ग्लो' धरलं. लग्नं जुळवणाऱ्या एका मोठ्या साइटनं त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला. विद्यार्थ्यानं दोन्ही बातम्या शेअर केल्या, मुठीच्या इमोजीसकट. आत्यानं दोन्हींना अंगठा दिला आणि संध्याकाळी त्याच्या ताईसाठी आलेल्या स्थळाला फोनवर सांगितलं, मुलगी निमगोरी आहे, पण इंजिनिअर आहे.

फिल्टर साइटवरून गेला. आत्यात इनबिल्ट आहे.

आणि कोथरूडचं काय घेऊन बसलात? पुण्यात आफ्रिकेतून शिकायला येणारी मुलं काही आज आलेली नाहीत. सुदान, केनिया, टांझानिया, नायजेरिया. आपल्या विद्यार्थ्याच्याच कॉलेजात, कधी त्याच्याच वर्गात. त्यांना फ्लॅट भाड्यानं मिळवायला काय यातायात पडते, हे कुठल्याही एजंटला विचारा. तो नावं सांगणार नाही, पण सोसायट्या सांगेल. चौकोन टाकणाऱ्या मुलाच्या बाबांचाही एक टू बीएचके भाड्यानं द्यायचा होता. काळ्या माणसाच्या जिवाला मोल आहे, याबद्दल घरात एकमत. फक्त भाडेकरारावर सही करायला तो समोर नको.

मुलानं तेव्हा काही म्हटलं का? म्हटलं ना. हेडफोन काढून म्हणाला, काय?

मग येतो एमएसचा सीझन. बारावीपासून हा गडी एकच पाढा म्हणत होता: आरक्षणानं आमच्या सीटा खाल्ल्या, मेरिटला किंमत नाही. आता त्याला प्रवेशअर्जासाठी लिहायचा असतो एसओपी. तिकडच्या विद्यापीठांना सामाजिक जाणीव आवडते, असं क्लासवाल्या सरांनी सांगितलेलं. मग एका रविवारी वस्तीतल्या पोरांना वह्या वाटतानाचा फोटो. फोटोत पोरं कॅमेऱ्याकडे बघतायत, आणि हाही.

विमान उतरतं आणि चमत्कार होतो. इथं ज्याला कधी कुणी आडनाव दोनदा विचारलं नाही, तो तिथं उतरताक्षणी 'पीपल ऑफ कलर' होतो. अल्पसंख्याक! आयुष्यात पहिल्यांदा! आणि त्या पीडेसाठी एक फेलोशिपही असते. इथलं आरक्षण म्हणजे गुणवत्तेचा खून, तिथली डायव्हर्सिटी म्हणजे हक्काचं. दोन्ही मतं एकाच डोक्यात गुण्यागोविंदानं नांदतात. सामानाचं वजन तेवढं विमानतळावर तपासतात, मतांचं नाही.

गंमत पुढे आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये सिअ‍ॅटल शहरानं भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घातला. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव आणणारी नगरसेविका क्षमा सावंत, जन्म पुण्याचा. लगेच तिथल्याच काही भारतीय संघटना उभ्या राहिल्या: आमच्यात तसलं काही नाही, उगाच बदनामी करू नका. कॅलिफोर्नियात असंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, तर गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये ते परत पाठवलं. म्हणाले, आहेत ते कायदे पुरेसे आहेत.

आपले पीपल ऑफ कलर तेव्हा कुठे होते? ग्रुपवर 'मॅजॉरिटी ऑफ अस डोन्ट ईव्हन नो अवर कास्ट' असा मेसेज फॉरवर्ड करत होते. ज्याला जात माहीत नाही त्याच्यासाठी गावाकडून आलेल्या स्थळांत आंतरजातीय एकही नसतं, हा निव्वळ योगायोग.

इकडे, अजून विमानात न बसलेल्या विद्यार्थ्याच्या प्रोफाइलला जूनमध्ये इंद्रधनुष्य. बायोत सर्वनामं. वा! सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, 2018 मध्ये 377 कलमाचा काटा काढला, हे सगळं त्याला तारखांसकट पाठ. युनिव्हर्सिटी चौकात सिग्नल लागतो, टाळी वाजते, आणि रिक्षातला हाच अभ्यासू मोबाइलमध्ये इतका गढून जातो की सिग्नल सुटल्याचंही त्याला कळत नाही. दरम्यान, 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. ज्या महापालिकेच्या नावानं आपण पावसाळाभर बोटं मोडतो, तिनं. गणवेशासह.

तिच्या बायोत सर्वनामं नाहीत.

पण थांबा. एवढं टोचल्यावर एक प्रश्न विचारायला हवाच. या मुलानं न्याय-अन्यायाची तालीम करायची कुठे? महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तीसहून जास्त वर्षांपूर्वी खुल्या निवडणुका बंद झाल्या. हाणामाऱ्या होत होत्या, रक्त सांडत होतं, हे खरं. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं त्या कागदावर परत आणल्या. 2019 मध्ये होणार होणार म्हणाले आणि विधानसभेच्या निवडणुका आहेत म्हणून पुढे ढकलल्या. म्हणजे मोठ्यांच्या निवडणुका आहेत, पोरांनो, बाजूला व्हा. ज्याला मेसच्या डाळीवर मत देता येत नाही, त्यानं मग गाझावर दिलं तर नवल काय?

आणि ज्यांनी जवळ बघायची हिंमत केली, त्यांना काय मिळालं? एप्रिल 2024 मध्ये मुंबईच्या टीस या संस्थेनं एका दलित पीएच.डी. विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या विद्यार्थी मोर्चात सामील झाला, हा त्यातला एक ठपका. पुढे सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कमी केली, पण मधला काळ कुणी परत देतं का? टीस हे समाजविज्ञान शिकवणारं ठिकाण आहे, हे लक्षात ठेवा. प्रॅक्टिकलला मार्क नाहीत.

चौकोन फुकट असतो. मोर्चाला दोन वर्षं पडतात. हुशार पोरगं काय निवडेल?

तरी 'आधी घरचं बघ, मग अमेरिकेचं' हा काकांचा आवडता टोमणा मला पटत नाही. आपल्याकडे अमेरिकेकडे बघूनच घरचं दिसलेलं आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं ते कुणाला? अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. का, तर आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. आंबेडकर 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. 1946 मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांची कैफियत संयुक्त राष्ट्रांकडे गेल्याचं त्यांना कळलं. त्यांनी काय केलं? तिथल्या काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र टाकून तिच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठीही तसंच काही करता येईल का, हे बघायला. पुढे 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव उचललं 1966 मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरचं. नाव ओकलंडचं, दगडफेक वरळीच्या बीडीडी चाळींतली.

तेव्हा दूर बघण्यात काही पाप नाही. फुले, आंबेडकर, पँथरचे ढसाळ आणि ढाले, सगळे लांब बघून परत आले. आमचा विद्यार्थी तिकडेच थांबला.

आणखी एक तारीख सांगतो, ती बहुधा त्याच्या स्टोरीत नसेल. फुल्यांनी घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला 1868 मध्ये. अमेरिकेला अर्पणपत्रिका लिहिली 1873 मध्ये. आधी हौद, मग स्टोरी.

पण समजा, आला परत. समजा, एक दिवस रात्रीच्या जेवणाला या मुलानं विचारलं, बाबा, तो नायजेरियाचा मुलगा पूर्ण डिपॉझिट द्यायला तयार होता, मग नाही का म्हणालात? आत्या, ताईच्या स्थळांत बाकीच्या जातींनी काय घोडं मारलंय? सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना सर्व्हिस लिफ्टनंच का यावं लागतं? त्या जर पाचव्या मजल्याचं पाणी, फरशी, भांडी सगळं हाताळतात, तर लिफ्टचं बटण का नाही?

काय होईल सांगू? आतापर्यंत ज्याचं कौतुक होतं, 'आमचा बाळ किती सेन्सिटिव्ह आहे, कुठं तिकडं अमेरिकेत काही झालं की याला झोप लागत नाही', त्याच बाळाला वाईट संगत लागल्याचं घरात जाहीर होईल. कॉलेज बदलायची चर्चा होईल. मामा खास फोन करून विचारतील, डाव्यांच्या नादी तर नाही ना लागला? मिनिआपोलिसच्या पोलिसाला शिव्या देत होता तोवर ठीक होतं. तो गुडघा घरातल्या कुणाचा नव्हता.

म्हणून म्हणतो, पोराच्या काळ्या चौकोनाला हसू नका. त्यानं तुम्हाला आजवर बरंच वाचवलंय. मावशींच्या चहाचा कप तुमच्याकडे कुठल्या फळीवर असतो, तेही मी विचारत नाही. घरातल्या विद्यार्थ्यानं विचारलं तर मात्र 'अभ्यासाचं बघ' सोडून दुसरं काही उत्तर तयार ठेवा.