पिंगशास्त्री

"पिंग येतंय ना? मग नेटवर्क ठणठणीत आहे."

हे वाक्य कानावर पडलं की आमचा शिपाई चहाची किटली विसळायला घेतो. म्हणणारे गृहस्थ आता तासभर हलणार नाहीत आणि ज्या फाइलपायी त्यांना बोलावलं तीही हलणार नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं आहे.

गृहस्थांचं पगारी काम जाहिरातींची वसुली. पण वसुलीसाठी फोन केला तर माणसं उचलत नाहीत. कॉम्प्युटरला पिंग केलं तर तो चार वेळा ओ देतो. जीव कुठे रमणार? त्यातून १९९८ साली त्यांनी तीन महिन्यांचा हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केलेला. त्याचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, थकबाकीदारांच्या यादीवर. आम्ही पाठीमागे त्यांना पिंगशास्त्री म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि माझा अंदाज असा की आवडतंही.

असा एक शास्त्री तुमच्याकडेही असणार. शाळेत तो चित्रकलेचा शिक्षक असतो, पतपेढीत कॅशियर, सोसायटीत माजी सेक्रेटरी. कॉम्प्युटर हे त्याचं काम कधीच नसतं. ऑर्डर नाही, भत्ता नाही, "अहो, जरा येता का?" या चार शब्दांवर नेमणूक. येताना तो व्हिजिटला निघालेल्या डॉक्टरसारखा येतो, आणि आल्यावर मशीनकडे न बघता तुमच्याकडे बघतो. "काल काय केलं होतंत?" तुम्ही काही केलेलं नसतं. तरी मिनिटभरात तुम्हाला आठवतं की परवा भाचीच्या साखरपुड्याचे फोटो पेनड्राइव्ह लावून पाहिले होते खरे. "बघा!" असं म्हणून अर्धा खटला तो तिथेच जिंकतो.

यंदाचं प्रकरण दिवाळी अंकाचं. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आमचं मासिक. अंकाची पानं २००. ए-फोर आकाराची एक पानभर जाहिरात, चार रंगांत, ३०० डीपीआयला ठेवली तर ३५ एमबीच्या आसपास भरते; तिच्यात लेयर राहिले की पावसाळ्यातल्या दारासारखी फुगते. सगळं मिळून १२ जीबीचा फोल्डर झाला. तो बाहेर ऑपरेटरच्या मशीनवरून आतल्या मशीनवर टाकायचा, तिथून पुढे प्लेटला जाणार. अंतर वीस-बावीस पावलं. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, त्या काळातला जुळारी जुळवलेलं पान हातात धरून एवढं अंतर मिनिटाच्या आत चालून गेला असता.

आमच्या स्क्रीनवर आधी आलं, १ तास २० मिनिटं बाकी. मग ४ तास. मग १ दिवस. मग एकदम ५ मिनिटं, आणि परत ४ तास. पंगत कधी बसणार असं विचारल्यावर आचारी जसं सांगतो, तसं ही खिडकी सांगते.

संपादक उठून आले. "नवा स्विच घेतला. दोन्ही मशीनना एसएसडी टाकल्या. हजारची लाइन झाली म्हणालात. इथे अडीच दिसतंय. उरलेले ९९७ कुठे मुरले?"

हिशेबाचा प्रश्न आला की शास्त्रींना स्फुरण चढतं. ते म्हणाले, हजार हे मेगाबिट आणि खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. आठाने भागा, १२५ झाले. प्रत्येक पाकिटावर पत्ता घालावा लागतो, पोच घ्यावी लागते, ती घट वजा करा. हातात ११० ते ११५ पडायचे. हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. इतकं छान सांगितलं की अडीच आणि ११० यांच्यात अजूनही शंभरावर तफावत उरते, हे विचारायचं संपादक विसरले.

मग उपचार सुरू झाले. अँटिव्हायरस बंद केला. फायरवॉल बंद केली. "स्विच एकदा ऑफ-ऑन करून बघू," असं म्हणत त्यांनी बटण दाबलंसुद्धा, आणि मुखपृष्ठाची वेगळी लावलेली कॉपी ८७ टक्क्यांवर जागच्या जागी वारली. ऑपरेटर मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त माउस टेबलावर जरा जोरात ठेवला.

दोन उपचारांच्या मधे शास्त्री जुन्या केसेस सांगतात. एका गोदामात असंच झालं होतं, एका हॉस्पिटलात असंच झालं होतं, एका मंगल कार्यालयात तर नवरदेव बोहल्यावर उभा असताना झालं होतं. सगळ्या केसेसमध्ये शेवटी उंदीर सापडतो. आमच्याकडे उंदीर नाही हे कळल्यावर ते जरा खट्टू झाले.

शेवटी मिठाईचा रिकामा खोका निघाला. त्यात त्यांचं क्रिंपिंग टूल, दोन डझन कनेक्टर आणि केबल टेस्टर असतो. टेस्टरची दोन टोकं केबलीच्या दोन टोकांना लावली. एक ते आठ हिरवे दिवे ओळीने लागले. "केबल पास." मग पिंग. चारही वेळा उत्तर आलं, एका मिलिसेकंदाच्या आत. "पिंग पास." मग ते समाधानाने डबा खायला गेले. रोगी बेशुद्ध होता, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल.

आता शास्त्रींचा कळीचा दोष. तो नंतर ऑपरेटरने मला समजावला, तेव्हा श्रेय तिचं. विंडोजचं साधं पिंग ३२ बाइटांचं, तेही चारदा. फाइलचं एकेक पाकीट १५०० बाइटांपर्यंतचं, आणि १२ जीबीला अशी ८०-९० लाख पाकिटं लागतात. पाकीट जेवढं लांब तेवढी वाटेत बिघडण्याची शक्यता जास्त. बिघडलं की पुन्हा पाठवा. बोळातून एक पोरगं सायकल घेऊन पलीकडे जाऊन आलं म्हणून मंडप-डेकोरेशनचा टेम्पो जाईलच असं नाही. शास्त्री दर वेळी पोराला पाठवतात. ज्या प्रश्नाचं उत्तर "ठीक आहे" असंच येणार, तेवढाच प्रश्न ते विचारतात.

ते डब्यातली भेंडी खात होते तेव्हा मुलीने आपला सीपीयू उचलला, स्विचच्या शेजारी स्टुलावर ठेवला आणि नव्या स्विचच्या खोक्यातून आलेल्या मीटरभर तयार केबलीने जोडला. आत्ता-आत्तापर्यंत आचारी झालेली ती खिडकी ११० दाखवायला लागली. दोन मिनिटांत १२ जीबी आतल्या खोलीत. मग तिने सीपीयू परत जागेवर नेला, आधीची केबल लावली, पुन्हा अडीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढंच तिने केलं. तिने कुणालाही काल काय केलं होतं ते विचारलं नाही.

केबल गणपतीतली होती. आरासीसाठी कपाट सरकवलं, जुनी केबल अपुरी पडली, म्हणून शास्त्रींनी आरतीच्या आधी स्वहस्ते नवी लांब केबल केली होती. आम्ही त्यांना प्रसादाचे दोन मोदक जास्त दिले होते.

मुलीने कनेक्टर उजेडात धरला. प्लास्टिक पारदर्शक असतं, आतल्या आठ तारांचे रंग दिसतात. शास्त्री हात धुऊन आले तेव्हा ती म्हणाली, "काका, हिरवी जोडी शेजारी-शेजारी बसलीय."

"मग? जोडी शेजारीच बसणार ना?"

माणूस नीटनेटका, इथेच घात झाला. त्यांनी केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी अशा चारही जोड्या हळदीकुंकवाला बसवाव्यात तशा ओळीने बसवल्या होत्या. नियम तसा नाही. हिरव्या जोडीतली एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या जागी, आणि त्यांच्या मधे निळी जोडी. कारण तिसरी आणि सहावी जागा मिळून एक सिग्नल नेतात, आणि तो एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांतूनच जायला हवा. पिळातल्या दोन तारांवर सिग्नल एकमेकांच्या उलट असतो. बाहेरचा गोंगाट दोघींना सारखाच लागतो आणि पलीकडे वजाबाकीत उडून जातो. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, १८८१ च्या पेटंटातली. शास्त्रींच्या केबलीत एक तार हिरव्या पिळातली, तर दुसरी निळ्या पिळातली आली. मीटरभर केबलीत हे कदाचित खपून गेलं असतं, एवढ्या लांबीला नाही खपलं. टेस्टरला यातलं काही दिसत नाही. तार या टोकाची त्या टोकाला पोचली का, एवढंच तो बघतो. कुणाबरोबर गेली, हे विचारत नाही.

शास्त्री तीनेक सेकंद गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर. मी तेच बघत होतो."

एक मात्र त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. क्रिंपिंग टूल त्यांनी स्वतः तिच्या हातात दिलं, ती तारा लावत असताना मोबाइलचा टॉर्च धरून वाकून उभे राहिले आणि एकदाही "असं नाही, तसं" म्हणाले नाहीत. वसुलीवरचा माणूस इतका वेळ गप्प उभा राहिलेला मी आजवर पाहिला नव्हता. दोन्ही टोकं नवी झाल्यावर खिडकीत ११२ आलं. शास्त्रींनी तरीही पिंग करून पाहिलं. आलं.

परवा शेजारच्या सीएंच्या ऑफिसातून "अहो, जरा येता का?" आलं. मीही चहाच्या आशेने मागोमाग गेलो. शास्त्री आल्या-आल्या क्लार्कला म्हणाले, "काल काय केलं होतंत?" क्लार्क गडबडला. मग शास्त्री खुर्ची ओढून बसले.

"एका मासिकाच्या ऑफिसात असंच झालं होतं. कुणा अडाण्याने हिरवी जोडी शेजारी-शेजारी बसवली होती. टेस्टर पास, पिंग पास. पण मी म्हटलं, पिंगवर जाऊ नका."

सीएंनी त्यांच्यासाठी स्पेशल चहा सांगितला. मला साधा.