थोरांची बालवाडी

मुलांसाठीच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रमाची एक ठरलेली रीत असते: निवेदक संथ बोलतो, प्रश्न विचारून क्षणभर थांबतो, उत्तर ऐकू आलेले नसतानाही शाबासकी देतो आणि काहीही झाले तरी चेहऱ्यावरची प्रसन्नता ढळू देत नाही. पुण्यात १९८४ साली सुरू होऊन २०१७ साली बंद पडलेल्या बालचित्रवाणीने ही रीत महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचवली. विडंबन, म्हणजे मूळ कृतीचे रूप तसेच ठेवून त्यात विसंगत आशय भरणे, हा प्रकार या रीतीवर विशेष शोभतो, कारण इतक्या निरागस सुरात सांगितलेली कोणतीही गोष्ट आधी खरी वाटते आणि मग हसू येते. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’चा थाट उचलणाऱ्या ‘अव्हेन्यू क्यू’ (२००३) या संगीतिकेत बाहुल्या नोकरी, घरभाडे आणि प्रेमभंग यांचे धडे गिरवतात. बीबीसीच्या ‘लुक अराउंड यू’ने (२००२) तर शालेय विज्ञानपटांच्या गंभीर सुरात धादांत खोटे विज्ञान शिकवले आणि ते वहीत उतरवून घ्यायलाही सांगितले.

मुलांच्या खेळाशेजारी मोठ्यांची थट्टा नांदते, याचे नागपूरकरांना नवल वाटण्याचे कारण नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एकीकडे पोरे लाकडी नंदी सजवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात, तर दुसरीकडे १८८१ पासूनच्या काळ्या आणि १८८५ पासूनच्या पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे अनिष्टाचे प्रतीक असलेल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत मोठी माणसे बडगे, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार अशा संकटांवर टोमणे मारणारे पुतळे, नाचवतात.

या शहरासाठी असा विडंबनाचा बालकार्यक्रम रचायचा झाल्यास अभ्यासक्रम तयारच आहे. आजचा अंक सत्तेचाळीस. तो मे महिन्याच्या पाऱ्यावरून ओळखावा. ‘खाली’, ‘मधे’ आणि ‘वर’ या संकल्पना वर्धा मार्गावर शिकवाव्यात, कारण तेथे खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे. त्यानंतर ‘तरीही काका उशिरा का पोचले?’ असे विचारून बाहुलीने उत्तरासाठी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ थांबावे. झणझणीत सावजी रस्सा दाखवून ‘कमी’ आणि ‘जास्त’ यांतील फरक मात्र शिकवू नये, कारण त्यात ‘कमी’ सापडत नाही.

बाहुलीच्या तोंडी नुसती शिवी घालणारे विडंबन पाच मिनिटांत शिळे होते. शिकवण्याचे सोंग घेऊन थोरांना खरोखरच काही शिकवून जाते, तेच टिकते.