पैठणी थाळी

अण्णांचं विमान दुपारचं असलं तरी त्यांचं पैठण पहाटेच सुटतं. चिकलठाणा विमानतळ जेमतेम पन्नास किलोमीटरवर. पण मधे बिडकीन आहे, रस्त्याचं काम आहे, आणि अण्णांचा विमानाच्या वेळेवर तितकाच विश्वास आहे जितका रस्त्याच्या कामावर. घोषणा होईपर्यंत ते तीनदा बोर्डिंग पास काढून बघतात आणि तीनदा वेगळ्या खिशात ठेवतात.

अण्णा म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. पैठणात नाथवाड्याच्या आसपासच्या कुठल्याही गल्लीत ओट्यावर बसलेले सापडतील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, उभी नोकरी जायकवाडीवर, लेक-जावई दुबईला. धरण सुटलं तरी त्याची भाषा सुटलेली नाही. शेजाऱ्यांच्या घरचा चहा ‘साठ टक्के’ येतो, सुनेच्या हातचा ‘सांडव्यावरून वाहतो’, आणि भिशीत कोणी पैसे दिले नाहीत तर ती ‘मृतसाठ्यात’ जाते. नाथसागराचा एकूण साठा १०२ टीएमसी, त्यातला २६ मृत, दरवाजे २७. हे आकडे अण्णा अनोळखी माणसाला नाव सांगायच्या आधी सांगतात.

दुबईचं विमान मुंबईहून. तिथल्या टर्मिनल २ चे खांब वर जाऊन मोराच्या पिसाऱ्यासारखे फुलतात. २०१४ साली टर्मिनल उघडलं तेव्हापासून येणारा-जाणारा मान वर करून बघतो. अण्णा नुसतं बघत नाहीत, ओळख पटवतात. ‘‘मोर बघितला? पैठणीच्या पदरावरून उचललाय. आपलाच.’’ येवल्याचं नाव काढलं की त्यांना ठसका लागतो. विमानतळावर ते मुद्दाम कोणी काढत नाही, म्हणून अण्णा स्वतःच काढतात आणि स्वतःच ठसकतात.

सुरक्षा तपासणीनंतर दोन-अडीच तास हातात असतात. अशा वेळी अण्णा नेमके ‘मातीची चव’ छापाच्या उपाहारगृहापुढं उभे राहतात. भिंतीवर वारली चित्रं, कोपऱ्यात विजेवरचा कंदील, टेबलावर पितळी तांब्या. अण्णांनी सवयीनं तांब्या उचलायला हात घातला, तर तो स्क्रूनं ठोकलेला. ‘‘पाण्याला कामून कुलूप?’’ असं पुटपुटत त्यांनी मेन्यू उघडला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. पहिल्याच पानावर ‘पैठणी थाळी’.

वाढणारा पोरगा ओडिशाचा, नम्र, नवीन. ‘‘सर, एकदम ऑथेंटिक है.’’

‘‘पैठण में किसके घर बनती है?’’

पोरगा हसला. थाळी आली. अण्णांनी रोजचा जलसाठा अहवाल वाचावा तशा वाट्या वाचल्या. ‘‘आमटी चाळीस टक्के. मठ्ठा मृतसाठ्यात. ठेचा...’’ बोटानं चाखला आणि थांबले. ठेच्यात साखर होती. भाकरी तळहाताएवढी, वर कोथिंबिरीचं एकच पान, तेही तिरपं. खरं सांगायचं तर पिठलं चांगलं होतं. अण्णांनी वाटी बोटानं पुसून घेतली, पण तसं कबूल मात्र केलं नाही.

‘‘येसर किधर है?’’

मग पोराला येसर समजावून सांगणं आलं. बाजरी, डाळ, धणे भाजून दळायचं, लग्नाच्या पंगतीत त्याची आमटी द्रोण फोडून पानभर पसरते. ती नसेल तर वरपक्ष आयुष्यभर बोलून दाखवतो. तिथून अण्णा सातवाहनांवर गेले. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहून ठेवलंय, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून गाड्या भरभरून माल बंदराला येतो. ‘‘दो हजार साल से एक्स्पोर्ट है हमारा. येसर नहीं भेज सकते क्या इधर तक?’’ पोरगा मान डोलावत होता. त्याच्या मागे चार टेबलं खोळंबली होती.

मग बिल. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये ‘उडान यात्री कॅफे’ निघाला, तिथं चहा १० रुपये आणि समोसा २०, ही बातमी अण्णांच्या पाकिटात कात्रण करून ठेवलेली आहे. ते त्यांनी उलगडलं. ती योजना सरकारी प्राधिकरणाची, मुंबईचं विमानतळ खासगी कंपनीचं, हे पोरानं आपल्या परीनं सांगितलं. अण्णांनी कात्रणाची घडी घातली आणि पिशवीतून डबा काढला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दही घरीच राहिलेलं. १०० मिलीच्या नियमावर त्यांचं पैठणपासून भाषण चालू होतं.

‘‘सर, बाहर का खाना अलाउड नहीं है.’’

अण्णा असल्या वाक्याची वाटच बघत असतात. ‘‘मेन्यू पे पैठण लिखा है ना? तो ये घर का है. बाहर का तो तुम्हारावाला है.’’

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले, म्हणून त्यांच्या हातात एकेक धपाटं गेलं. नाथांच्या गावचा माणूस डबा उघडून एकटा जेवत नाही. समोरच्याला भूक आहे की नाही हा प्रश्न तिथं गौण असतो. पोराला दोन मिळाली, ती त्यानं काउंटरमागं वाकून खाल्ली. आवाज ऐकून मॅनेजर आले. रागावायलाच आले होते, पण त्यांच्याही बशीत धपाटं पडलं आणि ते ‘‘इसमें लहसुन है क्या?’’ असं विचारून बसले. तेवढ्यात विमानाची घोषणा झाली. अण्णांनी घाईघाईनं अभिप्रायाचा कागद ओढला आणि खात्याच्या अक्षरात लिहिलं: ‘आमटीची आवक कमी. बिलाचा विसर्ग जास्त. येसर तातडीने सोडण्यात यावे. प्रत माहितीस्तव: आचारी.’