पोटखराब्यातली बागायत

महसूल खात्यात तेहतीस वर्षे दफ्तर वाहिलेल्या मनुष्याला सृष्टिसौंदर्य असे निव्वळ कधी दिसत नाही. हिमालय दाखवला तरी याची आकारणी कोण करतो हा प्रश्न त्याच्या मनात प्रथम उभा राहतो, आणि समुद्र पाहिला की एवढे क्षेत्र पोटखराब्यात कोणी काढले याची चौकशी करावीशी वाटते. त्यातून माझा जन्म सोलापूर जिल्ह्यात गेला, जिथे ढगदेखील मुक्कामाला न थांबता पुढल्या जिल्ह्याची वाट धरतात. त्यामुळे 'जिरायत' हा शब्द माझ्या लेखणीतून इतक्या सरावाने उतरे, की धाकट्या मेहुण्याच्या लग्नाच्या पत्रिका लिहिताना एका पत्रिकेवर तो वराच्या नावापुढे पडला होता.

अशा माझ्यावर गेल्या पौषात, ऐन सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा चुकवून, अबुधाबीला मुलीकडे जाण्याचा प्रसंग आला. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दोन सोलापुरी चादरी असा सरंजाम सुखरूप पोहोचला, आणि तिसऱ्याच दिवशी जावईबापूंनी माझ्या विश्रांतीवर जप्ती आणली.

"मामा, उद्या सकाळी गोल्फ खेळायला जायचं. एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाळवंट, मध्ये हिरवळ!"

"जावईबापू, मी विटीदांडूपलीकडे काही खेळलेलो नाही."

"मग अर्धं येतंच की तुम्हाला!"

जावयाच्या शब्दावर अपील चालत नाही. माझा नेहरू शर्ट तेथील पोशाखाच्या नियमात बसत नसल्याने बाद झाला, आणि जावईबापूंच्या पोपटी रंगाच्या, कॉलर असलेल्या बनियनात मला भरण्यात आले. ते पाहून सौभाग्यवतींनी जे स्मित केले, त्याचा उल्लेख या वृत्तांतात करण्याचे कारण नाही.

मैदान सादियात नावाच्या बेटावर आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांतून 'सआदत' म्हणून भेटणारा जो सुखवाचक शब्द, त्याच कुळातले हे नाव. दक्षिण आफ्रिकेचे विख्यात खेळाडू गॅरी प्लेअर यांनी आखलेल्या या मैदानात अठरा गली आहेत. गोट्यांची आणि विटीची असते तीच गल. फक्त हिचा व्यास सव्वाचार इंच असावा असा ठराव स्कॉटलंडातल्या मंडळींनी १८९१ साली केला आणि तो आजतागायत कायम आहे. अठराही गली बहात्तर टोल्यांत उरकाव्यात अशी अपेक्षा असते, तिला 'पार' म्हणतात.

जावईबापू हे सगळे सांगत होते, पण माझी दृष्टी जमिनीवर खिळली होती. जिथे वर्षाकाठी चार इंचही पाऊस होत नाही, तिथे क्षितिजापर्यंत हिरवेगार! आमच्याकडे बावीस-तेवीस इंच पडतो, तरी पैसेवारी पन्नासच्या खाली लावा म्हणून गावेच्या गावे अर्ज घेऊन उभी राहतात. चौकशीअंती कळले, की आखाती किनाऱ्यावरच्या अशा मैदानांवर खारे पाणी सोसणारे पास्पालम जातीचे गवत लावतात, आणि शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते पाजण्याचा रिवाजही त्या मुलखात आहे. नळाच्या पाण्याचा वार पंचांगाहून अधिक भक्तिभावाने पाळणाऱ्या माझ्यासारख्याला तुषारांची ती कारंजी पाहून गहिवरून आले. तो आनंद होता की मत्सर, हे ठरवणे माझ्या अधिकारकक्षेबाहेरचे.

पूर्वी मात्र इथे हा थाट नव्हता. १९८८ साली दुबईत संपूर्ण हिरवळीचे मैदान झाले, त्याआधी आखातातले गोऱ्या साहेबांचे गोल्फ शुद्ध वाळूवर चाले. गलीभोवतीची वाळू तेल मिसळून चोपून घट्ट करीत. तिचा रंग तपकिरी, म्हणून इंग्रजीत तिचे नावही तपकिरीच पडले. खेळाडू आपल्या हिरवळीचा तुकडा स्वतः काखेत घेऊन हिंडे. चेंडू पडेल तिथे तो अंथरायचा, चेंडू वर ठेवायचा, टोला हाणायचा आणि तुकडा गुंडाळून पुढे चालू लागायचे. ही हकीकत ऐकून, माझी सोलापुरी चादर घरी कपाटात निष्कारण पडली आहे, असे मला फार वाटले.

प्रत्यक्ष खेळाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो थोडक्यातच झाला. पहिल्या टोल्याला चेंडू जागचा हलला नाही, तीन बोटे खोल ढेकूळ मात्र लांब गेले. दुसरा वाऱ्यावर बसला. तिसरा टोला इतका सुरेख बसला, की चेंडू हिरवळीची हद्द, वाळूच्या टेकड्यांची हद्द आणि माझ्या दृष्टीची हद्द ओलांडून किनाऱ्याकडे नाहीसा झाला. त्या किनाऱ्यावर हॉक्सबिल जातीची कासवे अंडी घालतात. अंडे गोल, पांढरे आणि गोल्फच्या चेंडूएवढेच. तेव्हा येत्या उन्हाळ्यात एखादी कासवीण माझा चेंडू आपल्या खाती जमा करून घेईल, अशी मला आशा आहे. मी पंचनाम्यासाठी जाऊ लागलो, तर जावईबापूंनी मला मागे ओढले आणि खिशातून दुसरा चेंडू काढून दिला. सरकारी नोकरीत हरवलेल्या वस्तूची इतकी सुटसुटीत तजवीज मी कधी पाहिली नाही.

पुढे चार-सहा हरणे खेळपट्टीवर निवांत चरताना दिसली. मला आमच्याकडचा नान्नजचा माळ आठवला. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले, ते कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. तालुकेच्या तालुके त्यात गेले, आणि पुढची अनेक वर्षे शेतकरी जमिनीच्या व्यवहारांसाठी दफ्तराचे उंबरे झिजवीत राहिले. एवढ्या मुलखाचा धनी असलेला तो पक्षी मात्र मोठ्या मिनतवारीने दर्शन देई. इथली हरणे कोणत्या उताऱ्यावर कोणत्या हक्काने चरत होती कोण जाणे; माझा टोला शेजारून गेला तरी एकीनेही मान वर केली नाही.

सहाव्या गलीच्या वाटेवर मी वाळूच्या खड्ड्यात उतरलो. चेंडू आधीच उतरला होता. वाळवंट हटवून हिरवळ करायची आणि मग त्या हिरवळीत मुद्दाम खड्डे खणून पुन्हा वाळू भरायची, यामागचा हेतू मला कळला नाही. पण मोजणी खात्यातली काही कामे आठवली आणि मी गप्प राहिलो. मी टोले मारू लागलो. वाळू उडे, चेंडू पुन्हा पायाशी येई. खड्ड्याच्या काठावर फावडे टेकून एक माळी उभा होता; तो हलक्या आवाजात मोजत होता, "ओकटि... रेंडु... मूडु... नालुगु..."

माझा दांडा हवेतच थांबला. वकट, लेंड, मूंड, नाल! पन्नास वर्षांपूर्वी आमच्या वाड्यामागच्या माळावर आम्ही विटीदांडूत जे मोजत होतो, ते असे तेलुगूतून आले आहे, हे मी कुठेतरी वाचले होते; पण ते खाते इतक्या दूर येऊन तपासून मिळेल असे वाटले नव्हते. शेजारच्या पद्मशाली विणकरांकडून उचललेली मोडकी तेलुगू मी बाहेर काढली. माळी करीमनगरचा निघाला. त्याची आत्या आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात नांदते, तिच्या घरी चार माग आहेत आणि लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत तो पाळण्यात बसून रडला होता. फावडे वाळूत रोवून तो खाली उतरला, मी दांडा काखेत धरला, आणि आम्ही दोघे खड्ड्याच्या कडेला टेकलो. मागचे चार गोरे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते.

"मामा! लोक खोळंबलेत! किती झाले?" जावईबापू वरून ओरडले.

मी उठून चेंडू हाताने उचलला आणि खड्ड्याबाहेर भिरकावला.

"झकू!"

जावईबापूंनी क्षणभर विचार केला आणि कार्डावर सात मांडले.