दर विचारू नये, सांगूही नये

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा भाव रोज फळ्यावर लागतो. गिऱ्हाईक तो वाचतं, मजुरीवर थोडी घासाघीस करतं आणि पैसे मोजून निघून जातं. ग्रॅम किती, मजुरी किती, जीएसटी 3 टक्के, विषय संपला. या व्यवहारात ओलावा असा काही राहत नाही. तो पाहायचा असेल तर त्याच पेढीची वेबसाइट करून देणाऱ्या पोराकडे पाहावं. शेठ विचारतात, ‘‘किती द्यायचे?’’ पोरगं लाजतं आणि म्हणतं, ‘‘द्या समजून.’’

खानदेशातल्या वेब डेव्हलपरचं सगळं दरपत्रक एवढंच आहे, आणि ते कुणालाही पाठ करता येतं.

ज्यांना आकडा सांगितल्यावाचून राहवत नाही, त्यांच्यासाठीही एक रूढ पद्धत आहे. धुळ्याचा मित्र किती घेतो ते विचारायचं आणि त्यातून हजार कमी करायचे. मग चोपड्याचा कुणीतरी आपला आकडा ऐकतो आणि अजून हजार उतरवतो. यात वीज, लॅपटॉप, इंटरनेट, होस्टिंग, दुपारची झोप असले किरकोळ खर्च धरत नाहीत. पोरगं घरी बसूनच तर करतं! घरी बसून केलेल्या कामाला खर्च येत नाही, हे आपल्याकडे घरातल्या बायकांच्या बाबतीत कधीच सिद्ध झालेलं आहे.

काही अडाणी माणसं वेगळं वागतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल ठरतं तेव्हा वर्षाची रक्कम किती, वर धान्य किती, उचल किती, हे चारचौघांसमोर बोललं जातं, आणि मगच गडी औताला हात लावतो. दोन इयत्ता शिकलेल्याला इतकी घाई होणारच. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची संगणकाची पदवी घेतलेला मुलगा असला उतावळेपणा करत नाही. तो आधी काम करतो. रक्कम आणि उचल हे विषय साइट सुरू झाल्यावर, शेठ मोकळे असतील तेव्हा, चहा आला तर.

काम काय, हेही लिहून घेऊ नये. लिहिलं की ते संपतं. ‘‘भाऊ, पाचच तर पानं आहेत,’’ अशी डाळवाल्या शेठकडे सुरुवात होते. मग डाळींची यादी येते, यादीला फोटो, फोटोंना भाव, भावांना रोज बदलायची सोय. मग ऑनलाइन ऑर्डर. मग लोगो थोडा मोठा, मग होता तेवढाच. शेवटी शेठच्या मुलीच्या लग्नाचं एक पान, त्यात मुहूर्तापर्यंतचे तास-मिनिटं उलटे मोजणारं घड्याळ. ते घड्याळ फार सुंदर चालतं. डेव्हलपरचे तास कुठल्याच घड्याळात दिसत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंना रात्री शांत झोप लागते. मार्केट यार्डात त्याच शेठच्या पोत्यांची हमाली आणि तोलाई दर पोत्यामागे आकारली जाते, पण पोतं दिसतं. कोड दिसत नाही. न दिसणाऱ्या वस्तूचे पैसे मागणं हे आपल्याकडे फक्त बुवा-महाराजांना शोभतं.

परदेशी गिऱ्हाईकांच्या नादी लागलेली काही मुलं इथेही आहेत. तिकडचा माणूस पहिल्याच पत्रात तासाचा दर विचारतो, कामाची यादी लिहून पाठवतो आणि ठरल्या दिवशी पैसे टाकून मोकळा होतो. चहा नाही, घरची चौकशी नाही. अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रोही पुढे संगणकात शिरली आणि याच वळणावर गेली. करार करते, बिलं पाठवते. आज ती अमळनेरात मावत नाही. संबंध जपले असते तर इथेच राहिली असती.

डोमेन मात्र आपल्या नावावर, आपल्या कार्डावरून घ्यावं, आणि दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे गुपचूप भरावेत. शेठना हे सांगू नये, त्यांना त्रास होतो.

आता बिल. ते पाठवणं मुळातच उद्धटपणाचं. पाठवलंच तर खाली ‘सवडीने’ असं लिहावं. सवड म्हणजे केळीला भाव आल्यावर, कापूस विकल्यावर, लक्ष्मीपूजनाला नवी वही निघाल्यावर. मध्ये कधी फोन केला तर ‘‘पैसे कुठे पळून चालले का भो?’’ असं उत्तर मिळतं, आणि ते खरंच आहे. पैसे जागचे हलत नाहीत.

सरकारला हा जिव्हाळा पाहवला नाही. 2006च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्यात लिहून ठेवलंय की लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. पुढे आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम घुसवलं. ही मुदत टळली तर शेठना ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. या सगळ्यासाठी डेव्हलपरकडे उद्यम नोंदणी लागते. ती घरबसल्या होते आणि फुकट होते, म्हणून तिच्यापासून विशेष जपावं. उद्यम क्रमांक छापलेलं बिल शेठच्या सीएच्या हाती पडलं तर पैसे मार्चअखेर येऊन पडण्याचा धोका असतो.

त्यापेक्षा 1963चा मुदतीचा कायदा पुष्कळ समंजस आहे. केलेल्या कामाचे पैसे मागायला, देण्याची तारीख ठरलेली नसेल तर, काम झाल्यापासून 3 वर्षं मिळतात. यात एकच गोष्ट सांभाळावी. मुदतीच्या आत शेठनी ‘इतके देणे बाकी’ असं सही करून लिहून दिलं, तर ती 3 वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. तेव्हा असलं काही लिहून मागू नका. 3 वर्षं गप्प बसा. नंतर कोर्टातही तुमच्यात आणि शेठमध्ये वितुष्ट आणण्याची ताकद उरणार नाही.