नानांची नोटशीट

भोपाळच्या प्रत्येक मराठी वस्तीत एक तरी नाना सापडतो. तो वल्लभ भवनातून निवृत्त झालेला असतो. पण ही बातमी वल्लभ भवनाला कळलेली असते, त्याला नसते. सकाळी फिरून आला की तो टेबलाशी बसतो, चष्मा पुसतो आणि घरातल्या कुठल्या तरी प्रकरणावर टीप लिहायला घेतो. घरात प्रकरण नसलं तर तो ते निर्माण करतो.

आमचे नाना साडेदहा नंबरजवळ राहतात. बाहेरगावच्या माणसाला हा पत्ता आपण चुकीचा ऐकला असं वाटतं. पण भोपाळात बसच्या थांब्यांची गावं झाली आहेत: पाच नंबर, साडेसहा नंबर, दस नंबर. सरकारी इस्पितळाला लोक ‘बारह सौ पचास’ म्हणतात आणि मोठी माणसं ‘चौहत्तर बंगले’मध्ये राहतात. असल्या शहरात आयुष्य गेल्यामुळे असेल, ज्या गोष्टीला क्रमांक नाही ती नानांना खरीच वाटत नाही.

त्यांचं इथं येणंही कागदोपत्रीच झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरचं राजधानीपण गेलं आणि भोपाळचं सुरू झालं, तेव्हा फायली, कपाटं आणि कारकुनांची बिऱ्हाडं एकदमच इकडे निघाली. नाना सहा वर्षांचे होते. “आम्ही रेकॉर्डबरोबर आलो,” असं ते सांगतात, आणि त्यात त्यांना काहीही गमतीचं वाटत नाही.

निर्णय घेणं हे नानांच्या मते हलक्या माणसांचं काम. भारदस्त माणूस प्रकरणाचं ‘परीक्षण’ करतो. घरासाठी कूलर घ्यायचा तर होळीला टीप सुरू झाली, तीन दुकानांची कोटेशनं आली, तुलनात्मक तक्ता झाला आणि कूलर घरी पोचला त्या दिवशी पहिला पाऊस पडला. मुलाचं लग्न तेवढं त्यांच्या हातून निसटलं. त्यानं परस्पर ठरवून टाकलं. नानांनी त्या प्रकरणावर ‘कार्योत्तर स्वीकृति’ असं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि मग पेढे वाटले.

अशा घरात गेल्या हिवाळ्यात ऑनलाइन शाळेचा विषय निघाला. नात, म्हणजे बिट्टी, चौथीत. जानेवारीची थंडी, कलेक्टरसाहेब दरवर्षीप्रमाणे शाळा उशिरा भरवण्याचा आदेश काढणार की नाही याकडे सगळ्या आयांचे डोळे लागलेले. बिट्टी खोकत होती, व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतात, त्यांची सकाळची मीटिंग सुरू झाली होती. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा ऑनलाइन शिकतो हे सगळ्यांना माहीत होतंच. नानांचा मुलगा सहज म्हणाला, “आपणही बघूया का?”

बघूया! दुसऱ्या कुणी हा शब्द चहाबरोबर गिळला असता. नानांनी संध्याकाळपर्यंत नवी नस्ती उघडली आणि वर पांढरा दोरा बांधला.

पहिला परिच्छेद ‘पूर्ववृत्त’. यात २०२० साल आलं. त्या वर्षी जुलैत मध्य प्रदेश सरकारनं ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ सुरू केलं होतं: सकाळी दहाला पालकांनी घरात घंटी किंवा थाळी वाजवायची आणि शाळा भरली असं समजायचं. रेडिओवर धडे, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ. योजना सरकारी शाळांसाठी होती, बिट्टी खासगी बालवाडीत होती. पण शासनाचा आदेश तो आदेश. नानांनी पहिल्याच दिवशी गॅलरीत उभं राहून ठणाठणा थाळी वाजवली. कोरोनासाठी मार्चमध्ये वाजवलेल्या थाळ्या लोक अजून विसरले नव्हते, त्यामुळे समोरच्या इमारतीतून आणखी चार जण आपापल्या थाळ्या घेऊन बाहेर आले. कशासाठी वाजवतोय हे कुणी विचारलं नाही. बिट्टी तेवढी घाबरून पलंगाखाली गेली आणि एक वाजता शाळा सुटल्याची थाळी झाल्यावरच बाहेर आली. ‘उपस्थिति: शत-प्रतिशत’, अशी नोंद आहे.

पुढे कायद्याचं पान. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच वर्षी नाना निवृत्त झाले, आणि या दोन घटनांचा काहीतरी संबंध असावा अशी त्यांची समजूत आहे. खासगी ऑनलाइन शाळांची माहितीपत्रकं त्यांनी छापून घेतली. सगळ्यांवर हसरी मुलं होती. “हे ठीक,” नाना म्हणाले, “पण दहावीचा कागद कोण देणार?” खरं सांगायचं तर सगळ्या कॉलनीत हा प्रश्न नानांखेरीज कुणालाच पडला नव्हता. माहितीपत्रकात घोडेस्वारीपासून कोडिंगपर्यंत सगळं असतं. मंडळाचं नाव मात्र बारीक अक्षरात शोधावं लागतं. अशी पुष्कळ मुलं शेवटी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, परीक्षेला बसतात. संस्था १९८९ ची, केंद्र सरकारची, आणि तिचं विभागीय कार्यालय भोपाळातच. नानांना हायसं वाटलं. ज्याला कार्यालय आहे ते अस्तित्वात आहे.

मग दिल्लीची भानगड निघाली. ३१ ऑगस्ट २०२२ ला दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी देशातली पहिली व्हर्च्युअल शाळा जाहीर केली, आणि एनआयओएसनं लगोलग कळवलं की आमची ऑगस्ट २०२१ पासूनच आहे. नानांनी दोन्ही कात्रणं समोरासमोर चिकटवली आणि खाली लिहिलं, ‘ज्येष्ठतेचा वाद. तूर्त बाजूला ठेवावा.’

सगळ्यात आवडलं ते ‘प्रज्ञाता’. जुलै २०२० मधल्या या केंद्रीय मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे फार तर दोन तास घ्यावेत असं होतं. नानांनी हिशेब केला: कमाल दीड तास. “आणि उरलेला दिवस?” सूनबाईंनी विचारलं. नाना थांबले. उरलेला दिवस म्हणजे आपणच, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

तरीही परीक्षण चालूच. एक प्रपत्र तयार झालं. ‘मूल न सांगता अभ्यासाला बसते काय?’ ‘दुपारी घरात लक्ष ठेवणारे जाणते माणूस आहे काय?’ ‘वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था?’ या शेवटच्या रकान्यासाठी ते रोज सकाळच्या पेपरात मेंटेनन्ससाठी कुठल्या भागात बत्ती गुल होणार ते वाचून साडेदहा नंबरखाली लाल रेघ मारू लागले. पहिल्या प्रश्नासाठी प्रत्यक्ष निरीक्षण झालं. बिट्टीला खुर्चीवर बसवलं, समोर गजराचं घड्याळ ठेवलं. सात मिनिटांत ती उठली. त्यानंतर ती सोफ्यावर पाय वर, डोकं खाली अशी लटकून पाऊण तास ‘चकमक’ हे मुलांचं मासिक वाचत होती, पण त्या स्थितीसाठी प्रपत्रात रकाना नव्हता.

तज्ज्ञांचं मत हवं म्हणून नाना आपल्या एका जुन्या मित्राकडे गेले. हे मित्र होशंगाबाद जिल्ह्यात शिक्षक होते, १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षणाच्या त्या प्रसिद्ध प्रयोगातले. पुढे ‘एकलव्य’नं तो वाढवला आणि २००२ मध्ये सरकारनं बंद केला. मास्तर अजून त्या बंदीवर चिडलेले. “पोरं शेतात जाऊन फूल तोडायची, उघडायची, आत काय आहे ते स्वतः मोजायची,” ते म्हणाले. “चार जणांची टोळी, त्यात दोन भांडणं. भांडण झालं की उत्तर बरोबर यायचं. पडद्यावर भांडता येतं का, सांग!” परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून व्हायची, हे ऐकून नाना ताठ बसले. “पुस्तक उघडं? मग ऑनलाइन परीक्षेत कॉपीची भीती उरलीच नाही की!” मास्तरांनी चहा गार होऊ दिला.

आता शेजारच्या गल्लीतल्या मुलाबद्दल. त्याला ती शाळा मानवली आहे, यात शंका नाही. तो बारा वर्षांचा, पहाटे बड्या तालावर शिडाची होडी शिकायला जातो, दहाला घरी येतो, खातो आणि मग धडे. आई दिवसभर घरात, तिला शिकवण्याची हौस. पोरगा मुळातच एककल्ली, होडीत आणि गणितात रमणारा. संध्याकाळी बोट क्लबवरचे दोस्त. नानांनी त्याची मुलाखत घेतली आणि लिहिलं, ‘उदाहरण अनुकूल.’ मी म्हटलं, “नाना, पण बिट्टी कुठं होडी चालवते?” त्यावर “तुलाही मत आहे तर!” असं म्हणून त्यांनी मला ‘जनसामान्यांच्या प्रतिक्रिया’ या परिशिष्टात टाकलं.

डेमो क्लास मोफत होता, त्यामुळे नानांनी तो तीन ठिकाणी घेतला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बिट्टी समोर, नाना कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर स्टुलावर. बाई गोड होत्या, ज्वालामुखी शिकवत होत्या. बिट्टीनं चौकोनांतली तोंडं नीट न्याहाळली आणि विचारलं, “नाना, या मुलांना पाय आहेत का?” थोड्या वेळानं ती पाणी प्यायला गेली ती खालीच खेळायला गेली. नानांना पत्ता नाही. त्यांनी हात वर करण्याचं बटण शोधून काढलं होतं. लाव्हा आणि मॅग्मा यांत फरक काय, हे त्यांनी घनगंभीर आवाजात सांगितलं. बाई दचकल्या, मग म्हणाल्या, “व्हेरी गुड, बिट्टी,” आणि तिच्या नावापुढे सोनेरी तारा लागला. नाना लाजले. त्या ताऱ्याचं छायाचित्र नस्तीत आहे.

पुढचे दोन डेमो त्यांनी एकट्यानंच केले.

बिट्टीला काय वाटतं, हे विचारलं ते सूनबाईंनी, पोळ्या लाटता लाटता. बिट्टीकडे उत्तर तयार होतं. “माझी खिडकी कुणाला देणार?” व्हॅनमधली खिडकीची जागा तिनं पाचवीतल्या एका मुलीशी दोन महिने भांडून, कट्टी-बट्टी करून, एक सुगंधी खोडरबर देऊन मिळवली होती: सोम, बुध, शुक्र. ती घरी बसली तर सहाही वार त्या मुलीचे. खोकला वगैरे तिच्या हिशेबातच नव्हता. नानांनी संपूर्ण जबाब लिहून घेतला. मालमत्तेचा प्रश्न आला की त्यांच्यातला सरकारी माणूस हळवा होतो. ‘आवेदिकेचा खिडकीवरील हक्क प्रस्थापित. यथास्थिति राखावी.’ बिट्टी त्याच शाळेत, त्याच व्हॅनमधून, मफलर गुंडाळून जाते.

नस्ती मात्र बंद झाली नाही. एनआयओएसची नियमावली वाचताना नानांना एक ओळ दिसली होती: दहावीच्या स्तराला किमान वय चौदा, कमाल वयाला मर्यादा नाही. शिवाय एकच विषय घेऊनही बसता येतं. विषयांच्या यादीत चित्रकला होती. त्या दिवसापासून ते टेबलावर जलरंगांची पेटी ठेवून तिच्याकडे बघत बसतात.

सूनबाईंनी काल त्यांच्याच हस्ताक्षरातलं प्रपत्र काढलं आणि पेन उघडून समोर बसल्या.

“नाना, विद्यार्थी न सांगता अभ्यासाला बसतो का?”

“बसतो. म्हणजे, बसू शकतो.”

“दुपारी घरात लक्ष ठेवणारं जाणतं माणूस?”

नानांनी सूनबाईंकडे पाहिलं, त्यांच्या लॅपटॉपकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

“घाई काय आहे, सूनबाई,” ते म्हणाले, “पाच वर्षं मिळतात. नऊ संधी देतात ते लोक.”