ड्रायव्हर उडाला!

संगणक मुका झाला की निदान ठरलेलं असतं : "ड्रायव्हर उडाला." नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीत विचारा, नागपूरला सीताबर्डीवर विचारा, उत्तर हेच. पाठोपाठ उपचारही ठरलेला : "नवीन टाकावा लागते." या निदानाचा मोठा गुण असा, की ते रोग्याला न पाहता फोनवरूनही करता येतं. माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. आवाज गेल्याच्या बहुतेक प्रकरणांत ड्रायव्हर बिचारा आपल्या जागेवर कामावर असतो, आणि निव्वळ नावामुळे पकडला जातो. एसटी रस्त्यात बंद पडली की डिझेल, इंजिन, आगार यांच्याकडे कोणी पाहत नाही. पन्नास प्रवासी एकाच माणसाच्या पाठीकडे पाहतात. संगणकातल्या या प्रोग्रामचं खरं काम दुभाष्याचं. विंडोजचं म्हणणं आवाजाच्या चिपला तिच्या भाषेत सांगायचं, एवढंच. त्याचं नाव 'दुभाषा' ठेवलं असतं, तर त्याच्यावर इतके गुन्हे दाखल झाले नसते.

खरं तर पारशिवनी तालुक्याला हे समजावून सांगावं लागू नये. नवेगाव खैरीचं धरण याच तालुक्यात. पेंचचं पाणी कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत आणि चारीतून बांधीत कसं येतं, किंवा कसं येत नाही, हे इथल्या धानवाल्याला तोंडपाठ असतं. टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या, बांधीला पाणी पोचलं नाही, म्हणून तो नवीन धरण मागत नाही. तो धुऱ्याधुऱ्याने वर चालत जातो, ओल कुठपर्यंत आली आहे ते पाहतो, आणि पाणी कोणी आपल्याकडे वळवलं आहे हे हुडकून काढतो. (पुढचं संभाषण छापण्यासारखं नसतं.) आवाजाचाही असाच कालवा आहे. गाणं वाजवणारा प्रोग्राम, विंडोजची ऑडिओ सर्व्हिस, मग ड्रायव्हर, मग मदरबोर्डवरची चिप, बहुधा तैवानच्या रिअलटेकची, जिच्या खुणेवर खेकडा असतो. मग जॅक, वायर आणि टेलला स्पीकर. ओल पाहायची सोयही आहे. गाणं लावून साऊंडच्या सेटिंगमध्ये गेलं, की आवाजाबरोबर हलणारी एक पट्टी दिसते. ती हलत असेल, तर आवाज प्रोग्राममधून निघून बराच पुढे आलेला आहे. तो भलत्याच चारीत शिरला असण्याची शक्यता मोठी. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला संगणक खुशाल स्पीकर समजतो आणि ज्याला तोंडच नाही त्याला गायला बसवतो. किंवा पिशवीत चालू राहिलेला ब्लूटूथ हेडफोन सगळी मैफल एकटाच ऐकत असतो. ड्रायव्हर खरोखर उडाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सहसा पिवळा त्रिकोण दिसतो, नाही तर यादीतून त्याचं नावच गायब होतं. दोन्ही नसेल, तर आरोपपत्र कशाच्या आधारावर?

यावर अनुभवी माणूस म्हणेल, "पण बाप्पा, ड्रायव्हर टाकला अन् आवाज आला ना!" आला, नाकबूल नाही. बेडकाचं लग्न लावल्यावर पाऊसही कधीकधी येतो. ड्रायव्हर टाकताना संगणक बंद करून सुरू केला जातो, अडकलेली ऑडिओ सर्व्हिस ताजी होते, कधी आवाजाची वाटही नव्याने निवडली जाते. यातलं कशानं काम झालं हे पाहायला कोणी थांबत नाही. श्रेय आणि पैसे दोन्ही ड्रायव्हरच्या नावावर जमा होतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : "काल वाजत होतं, रात्री अपडेट झालं, आज बंद." इथे मात्र ड्रायव्हरवर संशय घ्यायलाच हवा. अपडेटमध्ये कंपनीच्या ड्रायव्हरच्या जागी दुसराच येऊन बसू शकतो. पण त्यावर उपाय नवा ड्रायव्हर नव्हे, जुन्याला परत बोलावणं. 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण त्यासाठीच आहे. ते न दाबता इंटरनेटवरचा फुकट 'ड्रायव्हर अपडेटर' उतरवणारे लोक एका पाहुण्याला घालवण्यासाठी वऱ्हाड बोलावतात.

ड्रायव्हरची बदनामी अगदी निराधार आहे असंही नाही. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साऊंड ब्लास्टर कार्ड आलं, तेव्हा पोर्ट २२०, आयआरक्यू ५ की ७, डीएमए १ हे आकडे जुळवणं हीच साधना होती. दोन कार्डांनी एकच आकडा धरला की कार्ड गप्प. पुढे २००७ मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टाने आवाजाची जुनी व्यवस्थाच मोडली, आणि कित्येक जुने ड्रायव्हर रातोरात निकामी ठरले. पण त्याआधीच, २००४ मध्ये, इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओचा नियम घालून दिला होता. तो पाळणाऱ्या बहुतेक चिपांना विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हरही बोलतं करतो. त्या जुन्या काळातला गुन्हा आजच्या ड्रायव्हरच्या माथी मारण्यात काय हशील?

शेवटचा आक्षेप घाईचा : "एवढं कोण पाहते? फॉरमॅट मारा." फॉरमॅटमध्ये दुकानाची बिलं जातात, लग्नाचे फोटो जातात, ते सोडून देऊ. पण टेलला काय चाललं आहे ते पाहा. सीपीयू भिंतीला पाठ लावून बसलेला, मागे धूळ आणि अंधार. संगणकांसाठीच्या 'पीसी ९९' नियमावलीने जॅकला रंग ठरवून दिले, स्पीकरला हिरवा, माइकला गुलाबी. पण अंधारात चाचपडणाऱ्या बोटांना सगळी भोकं सारखीच. फॉरमॅट होतो, विंडोज नवी कोरी बसते, ड्रायव्हरही नवाच, आणि हिरवी पिन गुलाबी भोकात होती तशीच असते.